खरंच म्हणजे किती खरंच

रस्ता मोकळा होता. पुढे गाडी नव्हती, मागे नव्हती, कुत्रंसुद्धा आडवं गेलं नव्हतं. तरी तिने आपल्या पायाखालचा ब्रेक असा काही दाबला की शिकाऊ गाडी गचका खाऊन जागच्या जागी बंद पडली आणि स्टिअरिंगवर बसलेल्या काकूंचा चष्मा नाकावरून सुटून मांडीत पडला. "काय झालं मॅडम? कुणाला उडवलं का मी?" काकूंनी चष्मा चाचपत विचारलं. "नाही," ती म्हणाली. तिचा पाय काही केल्या पेडलवरून उचलला जात नव्हता. शिकवायच्या गाडीत ब्रेक दोन असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शिकवणाऱ्याच्या, आणि या दुसऱ्या ब्रेकबद्दल तिचा शहरात लौकिक होता. ती तो दाबत नसे. ड्रायव्हिंग स्कूलमधले बाकीचे मास्तर दिवसभर दाबून दाबून संध्याकाळी लंगडत घरी जात, आणि त्यांची शिकाऊ मंडळी परवाना हातात पडला की पहिल्याच आठवड्यात दिव्याच्या खांबाला भेटून येत. तिच्या हाताखालचं माणूस रडत, घामाघूम होत का होईना, गाडी स्वतः थांबवायला शिकायचं. "थांबवा मॅडम, मेले मी," असं कुणी किंचाळलं की ती खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचत बसायची. निम्म्या शहराला तिने गाडी शिकवली होती ती त्यांचं न ऐकून. आणि काकू तर किंचाळल्याही नव्हत्या. पंचावन्न उलटलेली, गेल्या वर्षी नवरा गेलेली, आता त्याची गाडी गंजू देणार नाही म्हणून हट्टाला पेटलेली ही बाई. पुढच्या चौकातून वळवायला सांगितल्यावर ती फक्त हळू आवाजात म्हणाली होती, "बास. आता नाही होत माझ्याच्याने." दुकानदाराला आणखी नको म्हणून सांगावं, इतक्या साध्या आवाजात.

किंचाळणाऱ्यांच्या अंगात अजून पुष्कळ दम शिल्लक असतो, हे तिला इतक्या वर्षांच्या धंद्याने शिकवलं होतं. ज्यांचा दम खरोखर संपतो ती माणसं आवाज चढवत नाहीत. त्या आवाजाला मात्र ती ब्रेक द्यायची, नेहमी, विचार न करता. आजही पायाने आपलं काम चोख केलं होतं. पण पाय पेडलवर तसाच अडकला होता तो काकूंमुळे नव्हे. हेच वाक्य, ह्याच पट्टीत, तिने आज सकाळी घरी ऐकलं होतं. ती आरशासमोर केस बांधत होती. नवरा पलंगाच्या कडेला एका कुल्ल्यावर टेकून बसला होता, एका पायात मोजा घातलेला आणि दुसरा हातात. तो म्हणाला, "उघड ना. आज नाही होत माझ्याच्याने. खरंच." आणि ती काय म्हणाली होती? ती हसून म्हणाली होती, "खरंच म्हणजे किती खरंच?" मग जाता जाता वाकून त्याच्या कपाळाचा मुका घेतला होता. कपाळ गरम लागलं होतं. आत्ताच कढत पाण्याने आंघोळ केली असेल, असं तिच्या मनात आलं होतं. आता बंद पडलेल्या गाडीत तिला आठवलं, त्याचे केस कोरडे होते.

"काकू, जागा बदलू या," ती म्हणाली. "मला घरी जाऊन यायचंय. गॅस चालू राहिलाय बहुतेक." काकूंनी बिचाऱ्यांनी लगेच पट्टा सोडला. "मला इथंच उतरवा हवं तर. जीव महत्त्वाचा." "नाही, बसा तुम्ही," ती म्हणाली, कारण गाडीत आणखी कुणी तरी असावं असं तिला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिने शिकाऊ पाटी लावलेली गाडी असली बेफाम हाकली. सिग्नलला थांबून नवऱ्याला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. चष्म्याच्या दुकानात लावला, तिथे तो मागच्या खोलीत काचा घासायचा. मालक म्हणाले, "आज आले नाहीत ते. कळवलंही नाही. असं कधी करत नाहीत." काकू सारखं खिडकीबाहेर नाक काढून बघत होत्या, जणू धूर इथूनच दिसणार होता.

त्याच्या त्या वस्तूचा विषय घरात पहिल्यांदा निघाला तेव्हा तिला हसू आवरलं नव्हतं. त्याने आधी कितीतरी दिवस आढेवेढे घेतले होते. एक विचारू का, रागावणार नाहीस ना, हसणार नाहीस ना, असं घोळवत घोळवत त्याने इतका वेळ काढला की दुसरी बाई आहे आणि आता कबुलीजबाब येणार, असं धरून ती मनातल्या मनात बॅग भरायला लागली होती. मग त्याने फोनवर चित्र दाखवलं. पोलादाचा बोटभर लांबीचा पिंजरा, मागे बसणारी कडी, वर करंगळीच्या नखाएवढं कुलूप. पुरुषाने ते आपल्या अवघड जागी चढवायचं आणि किल्ली बायकोने ठेवायची. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि तो कानापर्यंत लाल झाला. "हसणार नाही म्हणाली होतीस," तो म्हणाला. त्याला यातून काय हवं होतं ते त्याला धड सांगता आलं नाही आणि तिला धड कळलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याची एक हौस पुरवायची, त्यात काय मोठंसं, अशा बेताने ती हो म्हणाली. दोघांनी त्या वस्तूला 'पाहुणा' असं नाव ठेवलं.

आणि पाहुण्याच्या पायगुणाने घर बदललं, हे तिला कबूल करावं लागलं असतं, कुणी विचारलं असतं तर. त्याआधीचा तिचा नवरा म्हणजे डोळे कामावर वापरून संपवून आलेला माणूस. दिवसभर काचांच्या कडा तासायच्या, घरी येऊन उरलेली नजर फोनला द्यायची, जेवताना "मीठ दे" आणि झोपताना "दिवा घालव". भांडण नाही, तंटा नाही. अशा घरात बाईने तक्रार तरी कशाची करायची? ती शेजारी असून त्याला दिसत नव्हती, बस. किल्ली तिच्या गळ्यातल्या साखळीत गेली आणि त्याला ती दिसायला लागली. तो खिडकीत तिची वाट बघायचा. भाजी निवडताना दिवसाची हकीकत विचारायचा आणि ऐकायचा. आज कोण रडलं, कोणी गाडी फुटपाथवर चढवली. रात्री तिचा हात हातात घेऊन झोपायचा. तिला लग्नानंतर पहिल्यांदाच आपण कुणाला तरी हव्या आहोत असं वाटलं, आणि ते तिला सोडवेना. हौस त्याची होती, पण सवय तिला लागली.

नियम त्यानेच घालून दिला होता. "मी गयावया करीन. पाया पडीन. उघड म्हणून रडीन. तू ऐकायचं नाहीस. त्यातच तर सगळं आहे." तिने विचारलं होतं, "आणि खरंच दुखलं तर?" तो म्हणाला होता, "तेव्हा कळेलच तुला." आणि यावर दोघंही निर्धास्त झाले. वर्षानुवर्षं एका पांघरुणात झोपणाऱ्या माणसांना आपलं सगळं एकमेकांना कळतं असा केवढा भरवसा असतो! नव्या शिकाऊला गाडीत बसवलं की ती आधी सांगायची, घाबरलात तर 'पाय' म्हणा, दुसरं काही म्हणू नका, 'पाय' ऐकलं की मी ब्रेक दाबीन. हे पाठ म्हणावं तसं ती हजारदा म्हणाली असेल. घरी असा एखादा शब्द ठरवावा हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

सुरुवातीला सगळं रीतसर होतं. खोक्यातून सूचनांचा कागद आला होता, तो त्याने काचेची जाडी मोजावी तशा बारकाईने वाचून दाखवला होता. काढून धुवायचं, कातडी कोरडी करायची, वारा लागू द्यायचा, रंग बदलला किंवा मुंग्या आल्या तर लगेच उतरवायचं. दर सुट्टीच्या सकाळी ती किल्ली काढायची, तो साबणाने धुऊन, टिपून, तेलाचं बोट लावून पुन्हा तिच्यापुढे उभा राहायचा आणि ती टायर तपासावा तशी वाकून सगळीकडून बघायची. त्यात हसणं-खिदळणं चालायचं. मग एका सुट्टीला तिची जादा बॅच आली. एकदा त्याची बहीण राहायला आली. एकदा तोच म्हणाला, "राहू दे. चांगलं चाललंय, मोडू नको." जितके दिवस जास्त तितकी त्याची छाती फुगायची, आणि खोटं कशाला, तिचीही. मधेच त्याने लहान मापाची कडी मागवली. पहिली ढिली पडते म्हणाला. ती दोघांनी मिळून बसवली तेव्हा त्याचा चेहरा किंचित वाकडा झाला आणि तिने विचारलं, "बोचतेय?" "बोचली तर पाहिजेच," तो म्हणाला. तिने कुलूप लावलं. तो बारीक खटका तिला आवडायचा.

अलीकडे तो बाथरूममध्ये नळ सोडून फार वेळ उभा राहायचा. खुर्चीवर तिरका बसायचा. गुडघ्यांत उशी घेऊन झोपायचा. अंगाला अत्तर लावायला लागला होता, आणि या वयात अत्तर म्हणून तिने चेष्टाही केली होती. अत्तराखाली दुसरा एक वास होता. तो तिला आला होता की आत्ता आठवताना येतोय, हे तिला ठरवता येईना. "मुंग्या येतात गं," तो एकदा म्हणाला होता. "उघडतेस का जरा?" हे जेवताना म्हणाला होता, आणि तिने भुवई वर करून "हं?" केलं होतं, ठरल्याप्रमाणे, तोऱ्यात. तेव्हा तो हसला होता. हसला होता ना? गाडी वळणावर घालताना तिने तो घास, ते ताट, तो चेहरा पुन्हा पुन्हा समोर आणला. ओठ हलले होते एवढं नक्की.

ती घरात शिरली तेव्हा तो बाथरूमच्या फरशीवर भिंतीला टेकून बसला होता. अंगावर कामाचा शर्ट, खाली काही नाही, मांड्यांवर टॉवेल. एका पायात मोजा. "निघालो होतो कामाला," तो म्हणाला, जणू ती हजेरी घ्यायला आली होती. दात वाजत होते. तिने साखळी मानेतून ओढून काढली, किल्ली लावली, आणि तो खटका झाला. पिंजरा सुटला. कडी सुटली नाही. कडीच्या दोन्ही बाजूंनी मांस फुगून वर आलं होतं, बोटाला दोरा घट्ट गुंडाळून विसरून जावं तसं, आणि रंग जांभळ्याच्या पलीकडे गेला होता. खालच्या बाजूला कातडी फाटून ओल आली होती. वासाबद्दल आता शंका उरली नव्हती. तिने साबण लावला, तेल ओतलं, फ्रिजमधला बर्फ रुमालात बांधून धरला. किल्ली तर तिच्याकडे होती. इतके दिवस तिला वाटत होतं की किल्ली आहे म्हणजे सगळं आपल्या हातात आहे. त्याने टॉवेलचा कोपरा दातांत धरला होता आणि तो ओरडत नव्हता. "ओरड ना," ती म्हणाली. "ओरड रे!"

"मॅडम, गॅसचं काय झालं?" काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी बघितलं. क्षणभर भिंतीकडे तोंड केलं, मग पुन्हा वळून म्हणाल्या, "चादर कुठंय? मऊ असेल ती द्या." दोघींनी मिळून त्याला जिन्यावरून उतरवलं. शेजारचं दार किलकिलं झालं तशी काकू तिकडे बघून म्हणाल्या, "अपेंडिक्स आहे. आत जा." मागच्या सीटवर त्या त्याला धरून बसल्या, त्याचं डोकं त्यांच्या खांद्यावर. ती गाडी चालवत होती आणि आरशात तिला त्याचं फक्त कपाळ दिसत होतं. काकूंनी त्याला विचारलं, सरळ, रस्ता विचारावा तसं, "दुखतंय का हो?"

"हो," तो म्हणाला. "फार दुखतंय. परवापासून सहनच होत नाहीये."

"फार दुखतंय म्हणतायत," काकूंनी पुढे सांगितलं. "जरा जोरात घ्या मॅडम."

एवढंच लागलं होतं. एका परक्या बाईने विचारलं आणि त्याने सांगितलं आणि तिने विश्वास ठेवला, मधे कुठे काही अडलं नाही. तिला रडता येणार नव्हतं, समोरचा रस्ता दिसायला हवा होता. आणि तशा अवस्थेतही तिला आत कुठे तरी काकूंचा राग आला. तिच्या नवऱ्याने तिला कधी असं सरळ सांगितलं नव्हतं, या बाईला सांगितलं. मग लगेच आठवलं, सांगितलं होतं की, सकाळीच सांगितलं होतं. पट्टी तीच. शब्द तेवढे वेगळे.

हॉस्पिटलमधली डॉक्टर तिच्यापेक्षा लहान होती, केस आखूड, बोलणं तुटक. चादर बाजूला केल्यावर तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "शेवटचं कधी काढलं होतं हे?" दोघांनी एकदमच उत्तर दिलं. तो म्हणाला, "मागच्या महिन्यात," ती म्हणाली, "त्याच्याही आधी." डॉक्टरने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. अंगठ्या कापायच्या चिमट्याने पोलादावर ओरखडासुद्धा उमटला नाही, तेव्हा हॉस्पिटलच्या दुरुस्ती विभागातला माणूस छोटी कटर घेऊन आला. तो बिचारा छताकडे बघत उभा होता, काय कापायचंय ते कळल्यावर त्याचे कान लाल झाले. पडद्याबाहेर तिला कटरची घरघर ऐकू आली, आणि मधेच नवऱ्याचा आवाज, कामावरचा, स्वच्छ: "पाणी सोडत राहा. पोलाद तापतं लवकर." "सोडतेय," डॉक्टर म्हणाली. मग काही तरी टणकन ट्रेमध्ये पडलं.

पडदा सरकवून डॉक्टरने तिला आत घेतलं. "ऐका दोघं. अडकलेल्या रक्ताने काही भाग मेलाय. जखमेतला पू रक्तात जायला लागलाय, ताप त्याचाच आहे. आत्ताच ऑपरेशन करायचं. मेलेलं काढावं लागेल. किती, ते उघडल्यावर कळेल. आधी जीव, मग बाकीचं." तिने हातमोजे उतरवले. "लोक काय वाटेल ते वापरतात, त्याच्याशी मला देणंघेणं नाही. पण अंगाला कुलूप लावायचं तर रोज उघडून बघायचं असतं. बधिर झालं की त्याच घटकेला काढायचं. आणि यांनी थांब म्हटल्यावर ते खरं आहे हे समोरच्याला कळेल असं काही तरी आधी ठरवून ठेवायचं. ठेवलं होतं?"

"नाही," ती म्हणाली.

"दुखतंय असं म्हणाले नव्हते तुम्हाला?"

तिने तोंड उघडलं. पण तो आधी बोलला. "नाही डॉक्टर. मी काही बोललोच नाही. हिला कसं कळणार?" तो पडल्या पडल्या तिच्याकडे बघून हसला, अगदी गोड, आणि तिला बरं वाटलं. हो, बरं वाटलं, हलकं वाटलं, त्या एका क्षणी तिने ते खोटं दोन्ही हातांनी घेतलं आणि गप्प राहिली. मग स्ट्रेचर हललं आणि बोलायची वेळ गेली.

बाहेर काकू बसल्या होत्या. त्यांनी तिला चहाचा कप दिला. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "आमचे हे दुखलं की घर डोक्यावर घ्यायचे. मी म्हणायची, किती ते नाटक." चहा निवला. ती मनात म्हणत राहिली की तो बाहेर आला की आधी डॉक्टरला गाठायचं आणि सांगायचं, म्हणाला होता, मला म्हणाला होता, मी हसले. हे सांगितलं की काय होणार होतं? मेलेलं काही जिवंत होणार नव्हतं. पण कुणी तरी तिला एकदा झापलं असतं, आणि त्याचं म्हणणं एकदा कुठे तरी खरं म्हणून धरलं गेलं असतं. डॉक्टर बाहेर आली तेव्हा इतकी दमलेली होती की हिचं सांगणं राहून गेलं, हिने फक्त तिचं ऐकून घेतलं. जीव वाचला होता. बराच भाग काढावा लागला होता. उरलेल्याला संवेदना किती राहील ते आत्ता सांगता येणार नव्हतं. लघवीसाठी नळी काही महिने राहणार होती. "रडू नका त्यांच्यासमोर," डॉक्टर म्हणाली, आणि ती रडली नाही. ना त्याच्यासमोर, ना घरी.

ताप उतरला, तो उशीला टेकून बसायला लागला. तो तिच्याशी फार चांगलं वागत होता. तिला जेवलीस का विचारायचा, झोपलीस का विचारायचा, शिकाऊ मंडळी काय म्हणतायत म्हणून चौकशी करायचा. आधीसारखाच तिच्याकडे टक लावून बघायचा, आणि तिला ते बघणं आता झेपत नव्हतं. त्या रात्रीपासून तिने एकच गोष्ट मनाशी पक्की केली होती, की यापुढे तो म्हणेल ते खरं. एकदा तिने धीर करून म्हटलंही, "तू मला सकाळी म्हणाला होतास. मी ऐकलं नाही." तो म्हणाला, "छे गं. मी मजेतच म्हटलं होतं." आणि तिने मनाशी ठरवलेलं तिथल्या तिथे निकालात निघालं. हे खरं धरलं तर तिला क्षमा मिळत होती. आणि हे खोटं होतं.

दुपारी जखमेची पट्टी बदलायला नर्स आली. थोराड बांध्याची, हाताला चपळ बाई. तिने ट्रे मांडला, चादर गुंडाळली, मिठाच्या पाण्याने पट्टी भिजवली. "ही चिकटलीय जरा," ती म्हणाली. "दुखलं तर सांगा हं. लगेच थांबते. आधी इंजेक्शन देऊन मग काढू, घाई नाही काही." तिने चिमट्यात पट्टीचं टोक धरलं आणि किंचित उचललं. पलंगावर त्याच्या पायांची बोटं आत वळली. एक हात चादरीत रुतला.

"दुखतंय का?" नर्सने विचारलं.

त्याने नर्सकडे बघितलंच नाही. त्याने बायकोकडे बघितलं. उत्तर तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असावं आणि आपण फक्त वाचून दाखवायचं, अशा नजरेने तो बघत राहिला, तिला सांभाळून घेत, थोडंसं हसत. "सांग," ती म्हणाली. "सांग रे त्यांना."

"नाही," तो म्हणाला. "नाही दुखत."

"त्याला दुखतंय," ती नर्सला म्हणाली. "त्याचं ऐकू नका."

नर्सने तिच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. असले नातेवाईक तिला रोज भेटत असणार. "ताई, ज्याचं दुखतं त्यालाच कळतं," ती समजुतीने म्हणाली. "आम्ही पेशंट म्हणेल ते खरं धरतो." आणि तिने पट्टी ओढली.